विल्कोचा पहिला अल्बम 'ए.एम.' ऐकावा की सोडून द्यावा?

प्रश्न: 'यांकी होटेल फॉक्सट्रॉट' हा अल्बम ऐकल्यापासून विल्को या अमेरिकी बँडचं वेड लागलंय. आता पहिल्यापासून सगळं ऐकावं म्हणतोय, पण जो तो सांगतो की पहिला अल्बम 'ए.एम.' सोडून दे, अगदीच साधा आहे. पॉवर पॉप आणि ऑल्ट-कंट्रीचं मिश्रण आहे म्हणे. म्हणजे नक्की काय? आणि खरंच सोडावा का?

उत्तर:

सोडू नका. पण 'यांकी'च्या अपेक्षेने लावलात तर तिसऱ्या गाण्याच्या आत बंद कराल, हेही आधीच सांगतो. 'यांकी'तली ती खरखर, मध्येच घुसणारे परके आवाज, विस्कटलेली गाणी यातलं इथे काही नाही. इथे गिटार, बास, ड्रम्स, मागे फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि पेडल स्टील ही आडवी ठेवून वाजवायची, सूर घसरवत नेणारी गिटार, आणि बहुतेक तीन-चार मिनिटांची गाणी. तेरा गाणी, पाऊण तासात काम तमाम. 'ए.एम.' म्हणजे मध्यम लहरींचा रेडिओ, आणि गाण्यांचा घाटही त्याच रेडिओवर एकामागून एक लागणाऱ्या हिट गाण्यांसारखा आहे.

हा अल्बम कळायला त्याआधीची भांडाभांडी थोडी माहीत हवी. इलिनॉयमधल्या बेलव्हिल गावात जे फॅरार, जेफ ट्वीडी आणि माइक हायडॉर्न यांचा अंकल टपेलो नावाचा बँड होता. कंट्री संगीताची राजधानी असलेल्या नॅशव्हिलच्या गुळगुळीत कंट्रीशी देणंघेणं नसलेली, पंक ऐकून वाढलेली पोरं. ती वळली जुन्या लोकगीतांकडे आणि कार्टर फॅमिली या जुन्या काळच्या कंट्री गाणाऱ्या कुटुंबाकडे, पण गिटार मात्र पंकच्याच ताकदीने वाजवत राहिली. त्यांच्या १९९० च्या पहिल्या अल्बमचं नाव 'नो डिप्रेशन', कार्टर फॅमिलीच्या गाण्यावरून घेतलेलं. पुढे १९९५ मध्ये याच नावाचं मासिक निघालं आणि काही काळ लोक या अख्ख्या संगीतप्रकारालाच 'नो डिप्रेशन' म्हणायचे. तुम्ही विचारलेलं ऑल्ट-कंट्री ते हेच.

१९९४ च्या सुरुवातीला फॅरारने बँड सोडत असल्याचं सांगितलं. १ मे १९९४ ला सेंट लुईसमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. हायडॉर्न आधीच बाहेर पडला होता. उरलेले सगळे, म्हणजे जॉन स्टिराट, केन कूमर आणि मॅक्स जॉन्स्टन, ट्वीडीसोबत राहिले. नाव बदलून विल्को केलं, आणि जूनमध्ये ही मंडळी मेम्फिसच्या इझली स्टुडिओत रेकॉर्डिंग करत होती. शोक वगैरे करायला सवड कुठली! टपेलोच्या आधीच्या अल्बमचा निर्माता ब्रायन पॉल्सनच इथेही सोबतीला होता. आणि 'इंडी बँड', म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या बाहेरचा, म्हणाल तर वळण इंडीचं खरं, पण रेकॉर्ड कंपनी रिप्रीझ, म्हणजे वॉर्नरच्या घरची. २८ मार्च १९९५ ला अल्बम आला.

आता पॉवर पॉप. हा शब्द 'द हू' या ब्रिटिश बँडच्या पीट टाउनशेंडने १९६७ मध्ये वापरला. बीटल्ससारखी पटकन ओठांवर बसणारी चाल, वर दोन-तीन आवाजांची हार्मनी, आणि खाली जोरकस, करकरीत इलेक्ट्रिक गिटार. सत्तरच्या दशकातले रास्पबेरीज, चीप ट्रिक, आणि माझ्या मते या सगळ्यांचा बाप म्हणजे बिग स्टार. बिग स्टार मेम्फिसचाच. 'ए.एम.' त्याच शहरात रेकॉर्ड झाला हा योगायोग असेलही, मला मात्र तो ऐकू येतो. पुढे ट्वीडी ज्यात होता त्या गोल्डन स्मॉग या बँडच्या एका अल्बमवर बिग स्टारचा जोडी स्टीफन्स ड्रम्सवर आहे, म्हणजे ओढ होती एवढं नक्की.

मिश्रण कसं होतं ते सिद्धांतात सांगण्यापेक्षा तिसरं गाणं लावा, 'बॉक्स फुल ऑफ लेटर्स'. सुरुवातीलाच गिटारची रिफ, म्हणजे परत परत येणारी छोटी धून, येते आणि पाय आपोआप ठेका धरतो. चाल इतकी गोड की पहिल्यांदा शब्दांकडे लक्षच जात नाही. मग हळूहळू कळतं की गाणारा माणूस मोडलेल्या नात्याचा हिशेब करतोय: पत्रांनी भरलेली पेटी, आणि तुझ्या रेकॉर्ड्सचा वेगळा ठेवलेला गठ्ठा, त्यातल्या काही मला ऐकायच्या होत्या पण जाऊ दे, परत करतो. अनेकांना यात फॅरार दिसतो. दिसो किंवा न दिसो, मैत्री तुटल्यावर कॅसेटी परत करायची वेळ ज्यांच्यावर आली त्यांना फोड करून सांगायला नको. कंट्रीचं रडगाणं पॉपच्या उड्या मारत येतं, आणि दोन्ही एकमेकांना ओढत राहतात. ही ओढाताण जिथे आहे तिथे हा अल्बम जमतो, जिथे नाही तिथे ढेपाळतो. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

याचं दुसरं टोक म्हणजे 'पॅसेंजर साइड'. दारू पिऊन गाडी चालवण्यापायी लायसन्स गमावलेला माणूस मित्राच्या शेजारच्या सीटवर बसलाय आणि कुरकुरतोय. कोर्टाची तारीख जवळ आलीय, लवकरच मी स्वतः चालवीन म्हणतो. ठेका संथ, मागे फिडल रेंगाळतंय, आणि गाणारा स्वतःचीच टर उडवतोय, पण अशा सुरात की त्याची कीवही येते. फॅरारने हे गाणं लिहिलंच नसतं. त्याच्याकडे गांभीर्य होतं, असा तिरकसपणा नव्हता.

'कॅसिनो क्वीन'ही ऐका, मिसिसिपी नदीवर ईस्ट सेंट लुईसला तेव्हा उभ्या असलेल्या खऱ्याखुऱ्या जुगाराच्या बोटीवरचं गाणं. अस्सल बारमधलं, घामट रॉक. या गाण्यांतली लीड गिटार ब्रायन हेनेमनची. तो बॉटल रॉकेट्स या बँडचा गायक, आधी टपेलोच्या दौऱ्यांवर त्यांची वाद्यं सांभाळायचा. त्याच्याशिवाय हा अल्बम निम्मा बेचव झाला असता. पेडल स्टीलवर टेक्ससचा लॉइड मेन्स आहे. 'डॅश ७' नावाचं विमानावरचं छोटंसं गाणं आहे, त्याला हेडफोन लावा.

उणं काय? मधला भाग. 'पिक अप द चेंज', 'शुडव्ह बीन इन लव्ह' ही गाणी ऐकायला बरी, संपली की विसरतो. 'इट्स जस्ट दॅट सिंपल' स्टिराटने लिहिलंय आणि गायलंयही तोच. गाणं चांगलं आहे, पण सरळसोट कंट्री. एकूण अल्बमभर जुन्या चाहत्यांना न दुखवण्याची काळजी जाणवते, आणि ट्वीडीने स्वतः पुढे तसं कबूलही केलंय.

त्यात त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फॅरारच्या नव्या बँडचा, सन व्होल्टचा 'ट्रेस' आला आणि समीक्षकांनी तोच डोक्यावर घेतला. खरं सांगायचं तर 'ट्रेस' जास्त घट्ट विणलेला अल्बम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्या तुलनेपायी 'ए.एम.'वर जो 'साधा' असा शिक्का बसला तो आजतागायत निघालेला नाही, आणि तुम्हाला सल्ले देणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी अल्बम ऐकण्याआधी तो शिक्काच वाचला असणार.

तेव्हा आधी तिसरं आणि दहावं ('पॅसेंजर साइड') गाणं ऐका. आवडली तर पहिल्यापासून लावा, नाही आवडली तर थेट १९९६ च्या 'बीइंग देअर'वर जा. 'ए.एम.'च्या रेकॉर्डिंगनंतर गिटार आणि कीबोर्ड वाजवणारा जे बेनेट बँडमध्ये आला होता आणि तिथे ट्वीडीला जुन्या चाहत्यांची फिकीर राहिलेली नाही. निव्वळ पॉवर पॉप हवं असेल तर १९९९ चा 'समरटीथ'. 'ए.एम.'ची २०१७ ची वाढीव आवृत्ती मिळाली तर तीच घ्या, तिच्यात अंकल टपेलोचं स्टुडिओतलं शेवटचं रेकॉर्डिंगही आहे. जोडलेली गाणी मात्र मूळ तेरा झाल्यावरच ऐका.