नेट बंद करून बघ

फोंडा, आषाढ

चि. बायस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. स्टुडिओच्या मागच्या खोलीत गळती लागली होती, म्हणून उत्तराला उशीर. तू विचारतेस, लॅपटॉप चार जीबी रॅमचा, फोटोशॉपचं दरमहाचं भाडं परवडत नाही, तर ब्राउझरमध्येच फोटो एडिट केले तर लोक हसतील का? हसू देत. गिऱ्हाईक फोटो बघतं. तो कशात केला हे मला आजवर एकानेही विचारलेलं नाही.

फोटोशॉप १९९० साली आलं. आमच्या वेळी ते एकदा विकत घ्यायचं आणि वर्षानुवर्षं रेटायचं. २०१३ पासून नव्या आवृत्त्या भाड्यानेच मिळू लागल्या आणि त्याच वर्षी ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपीही आलं. ते फुकट आहे, कडेला जाहिराती दिसतात, पण थर (एकावर एक रचलेली सुटी चित्रं), नको तो भाग झाकायचे मास्क, उजेड-सावली साधायचे कर्व्ह्ज सगळं आहे आणि हे थर सुटे जपून ठेवणारी फोटोशॉपची पीएसडी फाइलही उघडते. हात बसवायला तुला एवढं पुष्कळ झालं.

मला काळजी वेगळीच आहे. ब्राउझरमधली सगळी दुकानं एका जातीची नाहीत. काही तुझ्याच लॅपटॉपवर काम करतात, काही तुझा फोटो आधी स्वतःकडे ओढून घेतात. ओळखायचं कसं? पान पूर्ण उघडलं की नेट बंद कर आणि फोटो आत टाकून थोडा उजळ करून बघ. झाला, तर काम तुझ्या यंत्रावर चाललंय. फोटोपी या परीक्षेत पास होतं. एका बटणात पार्श्वभूमी उडवणाऱ्या, जुने फोटो ‘नवे’ करून देणाऱ्या बहुतेक साइट तिथल्या तिथे अडतात, कारण त्यांचं काम दूरच्या सर्व्हरवर चालतं. तुझी स्वतःची फुलं-पाखरं तिकडे खुशाल पाठव. दुसऱ्याच्या मुलाबाळांचे फोटो, आधार कार्डाचे स्कॅन मात्र विचारल्याशिवाय पाठवायचे नाहीत.

या जुने फोटो नवे करण्यावरून आठवलं. एक गृहस्थ आजीचा पिवळा पडलेला फोटो घेऊन आले. मी आळस केला आणि तसल्याच एका साइटवर टाकला. चेहरा लख्ख झाला, पण डोळे दुसऱ्याच बाईचे आणि नथ गायब. ते म्हणाले, “ही आमची आजी नव्हे.” मग दोन संध्याकाळी बसून हातानेच ओरखडे भरले.

आता थरांबद्दल. एका जत्रेतल्या नाटकाचं पोस्टर मी ब्राउझरमध्ये केलं होतं. लाल पडदा, वर नटांची नावं, खाली वेळ. जेपीजी उतरवून घेतली आणि टॅब बंद केला. दुसऱ्या दिवशी मंडळाचा माणूस दारात: एका नटाचं आडनाव चुकलंय. हातात एकच सपाट चित्र, नाव पडद्याला चिकटलेलं. क्लोन स्टॅम्पने, म्हणजे शेजारचा तुकडा उचलून वर चिकटवणाऱ्या हत्याराने, पुसलं तर तिथे पडद्याची चूणच नाहीशी झाली, कपड्याला ठिगळ लावल्यासारखं दिसायला लागलं. शेवटी सगळं पुन्हा केलं. तेव्हा टॅब बंद करण्याआधी पीएसडी उतरवून घे आणि पावसात तर दर अर्ध्या तासाने. आपल्याकडे जूनपासून लाईट कधी जाईल ते देवालाच ठाऊक. तुझ्या लॅपटॉपची बॅटरी दहा मिनिटं टिकते, हे मी बघितलंय.

नाटकाचंच पोस्टर करणार असशील तर मराठी अक्षरं मोठी करून तपास. काही एडिटरांत ऱ्हस्व इकार भलत्या अक्षराला जाऊन बसतो, ‘कार्यक्रम’मधला रफार सुटतो. फोनवर लक्षात येत नाही, फ्लेक्सवर सगळ्या गावाला दिसतं.

आणि आकडे. बारा बाय अठरा इंचांच्या प्रिंटला ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके धरून, ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. इन्स्टाग्रामच्या मापात, म्हणजे १०८० बाय १३५०मध्ये केलेलं चित्र तेवढ्याच बारकाव्याने छापलं तर जेमतेम साडेतीन इंच रुंद येतं. फ्लेक्स लांबून बघतात, तिथे कमी डीपीआय चालतो, अल्बममध्ये नाही. कोरा कॅनव्हास उघडतानाच माप टाक, मागून ताणू नकोस.

ब्राउझर कुठे दमतो तेही सांगतो. २४ मेगापिक्सेलच्या फोटोचा एक पूर्ण थर मेमरीत साधारण ९६ एमबी जागा खातो. असे दहा थर झाले की एक जीबीच्या आसपास, आणि बाजूच्या टॅबमध्ये तुझी गाणी चालू. पान गोठणारच. लग्नाचे आठशे रॉ (कॅमेऱ्यातून जसेच्या तसे आलेले, कच्चे) फोटो एका रंगात आणायचे तर ब्राउझर तिथे उपयोगाचा नाही. त्यासाठी डार्कटेबल नावाचं सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट, पण ते यंत्रावर बसवावं लागतं आणि चार जीबीवर कुंथतं. लग्नं घ्यायला लागलीस की पहिली कमाई भाड्यात घालू नकोस, रॅम वाढव.

रविवारी येशील तेव्हा पेन ड्राइव्ह आण. ते ठिगळाचं पोस्टर अजून ठेवलंय, बघ आणि पोटभर हस.

तुझा,
स्टुडिओवाला काका