वडिलांना दिवसाची मावशी पुरेल की चोवीस तासांची लागेल, हे कसं ठरवायचं?

तुमचे वडील 81 वर्षांचे, आई गेल्यापासून एकटे राहतात आणि विचारलं की 'माझं सगळं मी करतो' म्हणतात. भाऊ वृद्धाश्रमाचं बोलतोय, तुम्हाला मावशी ठेवावीशी वाटते. मी बारा वर्षं घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते, त्यामुळे हा प्रश्न सतत कानावर येतो. माझं सांगणं एवढंच की विचारून ठरवू नका. दोन-तीन दिवस त्यांच्याकडे मुक्काम करा आणि बघा.

हे मी माझ्या सासऱ्यांमुळे शिकले. हॉस्पिटलमधून घरी सोडताना त्यांना 'आंघोळ स्वतः करता ना?' असं विचारलं, ते हो म्हणाले, कागदावर तसंच लिहिलं गेलं. मीही मान डोलावली. पुढे दहा-बारा दिवस बाथरूममधून पाण्याचा आवाज यायचा, दोरीवर ओला टॉवेल असायचा. मग एक दिवस माझं लक्ष साबणाकडे गेलं. वडी कोरडी ठणठणीत, तिला चिरा पडलेल्या. एकदा पाय सरकला होता, तेव्हापासून ते नळ सोडून, टॉवेल भिजवून बाहेर येत होते, आम्हाला कळू नये म्हणून. आजही आठवलं की भरून येतं.

त्यांना लागत काय होतं? भिंतीला धरायला एक दांडा, बसायला प्लॅस्टिकचं स्टूल आणि दाराबाहेर वीस मिनिटं कुणीतरी.

अमेरिकेतल्या सिडनी कॅट्झ या डॉक्टरांनी 1963 मध्ये मांडलेली सहा कामं आजही पाहिली जातात: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाऊन येणं, पलंग-खुर्चीवरून उठणं-बसणं, लघवी-संडासवरचा ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. बहुधा आंघोळ सगळ्यात आधी जड जाते, जेवण सगळ्यात शेवटी. म्हणून 'जेवतात व्यवस्थित' एवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

एकट्या माणसाचं घर मात्र फोन, औषधं, पैसे, बाजारहाट, स्वयंपाक यांवर चालतं. याची मोजपट्टी लॉटन आणि ब्रोडी यांनी 1969 मध्ये केली. तेव्हा पुरुषांच्या बाबतीत स्वयंपाक, घरकाम आणि धुणं मोजतच नसत! आपल्याकडेही हा गोंधळ होतो. बाबांनी जन्मात कधी कुकर लावला नसेल, तर आता लावता येत नाही हे दुबळेपण नव्हे. डबा सुरू करा, प्रश्न मिटला. पण चाळीस वर्षं पासबुकातला पैन्‌पै जुळवणाऱ्या माणसाने दोन महिने लाइटबिल भरलं नसेल, तर ते गंभीरपणे घ्या. गोळ्यांच्या स्ट्रिपा मोजा. पातेल्यांची बुडं जळलेली आहेत का, फ्रिजमध्ये काय नासलंय, तेही बघा.

चालणं तपासायला हाताची खुर्ची घ्या. उठून तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका धरून चाला. तुम्ही शेजारीच उभ्या राहा.

आणि रात्र. हिच्याबद्दल कुणी विचारतच नाही. लघवीला किती वेळा उठतात, दिवा लावतात का, भिंत धरून जातात का? दिवसाची मावशी सहाला निघून जाते आणि माणूस पहाटे तीनला पडतो, असं मी फार पाहिलंय. काहींना दिवसा कुणी नको, रात्री झोपायला मात्र कुणीतरी हवं.

जपानमध्ये 2000 पासून देखभालीचा सरकारी विमा आहे. तिथे पाहणी करणारा माणूस घरी येतो, 74 मुद्दे तपासतो आणि देखभालीला अंदाजे किती वेळ लागेल यावर पायरी ठरते. निव्वळ आजाराच्या नावावर नाही. आपल्याकडे ते काम आपणच करायचं. कागदावर काम लिहा, कोणत्या वेळी ते लिहा आणि नुसती नजर हवी, हात द्यायचा की सगळं करून द्यायचं तेही लिहा. मावशी किती तासांची हवी ते त्यातूनच दिसेल.

फक्त एक. हा फरक गेल्या आठ-पंधरा दिवसांतच पडला असेल, तर मावशीच्या आधी डॉक्टर गाठा. लघवीचा संसर्ग किंवा नवी गोळीसुद्धा चांगल्या चालत्या माणसाला असं करू शकते, आणि ते बरं होऊ शकतं.