बंधारे बांधूनही, झाडं लावूनही मार्चमध्ये टँकर येतो. गाव राहण्याजोगं करायचं तर सुरुवात कुठून करावी?

बंधारे झाले, झाडं लावली, हे तुम्ही लिहिलंय. गावात बोअर किती आणि उसाखाली जमीन किती, हे मात्र लिहिलेलं नाही. माझ्या मते सुरुवात तिथूनच करायला हवी. पाणी अडवायला सगळा गाव एकत्र येतो. अडवलेलं पाणी कोणी किती उपसायचं हा विषय निघाला, की बैठक मोडते.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला लोक डोंगरउतारावर पाणी अडवणारे समतल चर आणि बंधारे बघायला जातात. पण त्या गावाचं खरं मोठेपण मला त्याच्या ग्रामसभेत दिसतं. १९८९च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढे गावाने स्वतःलाच बंधनं घालून घेतली: शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, चराई बंद, कुऱ्हाड बंद. पाऊस गावातच मोजतात आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसं, मग जनावरं, उरेल त्यात पिकं. पाऊस कमी झाला, तर कमी पाण्याची पिकं.

हा हिशेब तुम्हीही करून बघा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. ४०० मिलिमीटर पडला, तर हेक्टरी ४० लाख लिटर. आपल्या काळ्या पाषाणात त्यातलं ढोबळमानाने दहा टक्के मुरतं, म्हणजे ४ लाख लिटर. पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी सुमारे २ कोटी लिटर लागतं. वरून पडलेला सगळा पाऊस त्यालाच मिळाला असं धरलं, तरी उरलेल्या पाण्यासाठी चाळीस हेक्टरांवर मुरलेलं पाणी एका हेक्टरात जातं! दीड हजार वस्तीच्या गावाला माणशी ५५ लिटरप्रमाणे वर्षाला ३ कोटी लिटर पुरतं. दीड हेक्टर ऊस गावभराचं पिण्याचं पाणी पितो, हे आकडे फळ्यावर लिहिले की लोक गप्प होऊन वाचतात.

बोअरचंही तसंच. आपल्याकडे पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या, भेगाळ थरात साठतं. विहिरी त्यावरच चालतात. खोल बोअर तो थर रिता करते आणि खालच्या फटींतलं पाणी पुन्हा भरायला फार काळ लागतो. राज्याच्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे, पण गावाने ठरवल्याशिवाय ती कागदावरच राहते. आणि प्लास्टिकचा कागद अंथरून बोअरच्या पाण्याने भरलेलं शेततळं मला जलसंधारण वाटत नाही. जमिनीखालचं सामाईक पाणी वर काढून एकाच्या नावावर करणं, आणि त्यातलं बरंचसं उन्हात उडू देणं, एवढंच त्यात होतं.

पहिल्या वर्षी बंदीचा ठराव मांडूच नका. शाळेत पर्जन्यमापक बसवा, गावाच्या चार बाजूंच्या विहिरी ठरवून दर महिन्याला पातळी लिहायला मुलांना सांगा. पावसाळा संपल्यावर, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ताळेबंद वाचा. त्याआधीची महिलांची सभा नियमाप्रमाणे खरोखर घ्या. हंडा त्यांच्याच डोक्यावर असतो. ऊसवाल्यांना मात्र सभेत गाठू नका, आधी घरी जाऊन भेटा. त्यांच्यावर कर्ज असतं, साखर कारखान्याकडे उसाची नोंद असते. या हंगामातला ऊस निघू द्या, खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटणारं पुढचं पीक) ठेवू नका आणि पुढची लागण ठिबकवर, निम्म्या क्षेत्रात करा, इतकंच आधी मागा.