खाडीवर पक्षी बघायचे तर आधी तिथी बघा

तुमची पोस्ट वाचली आणि सहा वर्षांपूर्वीची माझी एक सकाळ जशीच्या तशी समोर आली. तुम्ही पहाटे पुणं सोडलंत, दुपारी एकला दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्याच्या खाडीवर पोचलात, समोर मैलभर चिखल आणि दोन बगळे. वर कुणीतरी "परवानगीचं पत्र आहे का?" म्हणून हटकलं. आता डिसेंबरात आईवडलांना घेऊन पुन्हा जायचंय आणि परवानगी कुठे मिळते, असं विचारताय. माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे, पहिला भरतीचा.

दुर्बीण कुठली, कपडे कसे, हे तुम्हाला माहीत असणार, ते सोडून देतो.

तुम्ही गेलात तो दिवस नवमीचा होता. आपल्या किनाऱ्यावरचे कोळी आणि खलाशी तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. नऊ गुणिले पाऊण म्हणजे पावणेसात. ६.४५ला पूर्ण भरती आणि सव्वासहा तासांनी, एकच्या सुमारास, पूर्ण सुकती, म्हणजे पाणी सगळ्यात खाली. म्हणजे तुम्ही बरोबर नको त्या वेळी उभे होतात. पक्षी होतेच, पण उघड्या पडलेल्या सगळ्या चिखलावर विखुरलेले, पार पाण्याच्या कडेला. हा हिशेब अर्धा-एक तास इकडेतिकडे होतो आणि मुखापेक्षा आत खाडीत भरती उशिरा पोचते, तेव्हा त्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टकही बघा.

आता माझं. त्रयोदशी होती, भरती पावणेदहाला. बरोबर माझे मामा, निवृत्त शिक्षक. कोरल पक्ष्याची ती लांब, खाली वळलेली चोच त्यांनी चित्रात पाहिली होती, प्रत्यक्ष बघायची होती. सातला आम्ही खाडीवर. खाडीचं नाव लिहीत नाही, कारण मग कार्यालय ओळखू येईल. पाणी चढायला लागलं होतं, कोरलाची शीळही ऐकू आली होती. तेवढ्यात जेटीवरच्या एका माणसाने सांगितलं, तालुक्याच्या कार्यालयातून पत्र आणा, नाहीतर दुर्बीण काढू नका.

आणि मी गेलो. ती माझी चूक, तिचं मला अजून वाईट वाटतं. कार्यालय उघडलं दहाला. साहेब बाहेर गेलेले. एकाने अर्ज लिहायला सांगितला, दुसऱ्याने ओळखपत्राची झेरॉक्स, तिसरा म्हणाला हे आमच्याकडे येतच नाही. मामा अडीच तास बाकावर बसून होते. साडेबाराला एक कर्मचारी शांतपणे म्हणाला, "रस्त्यावरून पक्षी बघायला कसली परवानगी?" परत आलो तेव्हा सव्वा वाजला होता. पाणी उतरलेलं, पक्षी ठिपक्यांएवढे. मामांच्या गुडघ्यांमुळे त्यांना पुन्हा नेणं आजवर जमलेलं नाही. नियम असेल तर तो पाळायला माझी हरकत नाही. पण तो फलकावर लिहा, एका माणसाला नीट माहीत असू द्या. लांबून आलेल्या माणसाची सकाळ अशी खाऊ नका.

म्हणून माझं ठाम मत: परवानगीचं आठ दिवस आधी फोन करून विचारा आणि उत्तर लेखी मागा. ऐन वेळी कुणी अडवलं तर वाद न घालता सार्वजनिक रस्त्यावर जा, भरती तुमच्यासाठी थांबत नाही. मी वनखात्यातला नाही, वकीलही नाही. सार्वजनिक पुलावरून किंवा रस्त्यावरून बघताना मला पुढे कधी कुणी अडवलं नाही, एवढाच माझा अनुभव. सरकारी जमिनीवरची बरीच कांदळवनं आता वन म्हणून अधिसूचित आहेत, त्यांच्या आत शिरू नका. मालवणसारख्या सागरी अभयारण्यात नियम वेगळे असतात.

दिवस निवडताना द्वादशी ते चतुर्दशी बघा. भरती नऊ ते साडेदहा. सातला जागेवर बसायचं, सूर्य पाठीशी. पाणी चढतं तसा चिखल आकसतो आणि मघाशी पसरलेले कोरल, टिलवे, चिखले असे चिखलात चरणारे पक्षी उरलेल्या पट्ट्यात गोळा होत जवळ सरकतात. तेव्हा प्रत्येकाची चोच बघा. चिखल्याची आखूड, तो वरवरचं टिपतो. कोरलाची लांब, ती खोल बिळातला किडा ओढून काढते. एकाच चिखलात सगळ्यांचं भागतं ते यामुळे. सकाळ जमत नसेल तर चतुर्थी-पंचमीची तीन-पावणेचारची भरतीही चांगली.

भरती पूर्ण झाली की ते वाळूच्या दांड्यावर नाहीतर खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीत, थवा करून विसावतात. फोटोसाठी तो थवा उडवू नका, हे मी हात जोडून सांगतो. हिमालयापलीकडून, सैबेरियातून आलेले जीव आहेत, परतीच्या प्रवासाची चरबी त्यांना इथेच साठवायची असते. ड्रोन तर नकोच.

चिखलातही उतरू नका. वरून घट्ट दिसतो, पण मांडीपर्यंत पाय जातो. तिवरांची श्वासमुळं सुळ्यांसारखी वर आलेली असतात आणि कालवांच्या शिंपल्यांनी तळपाय कापतो. आईवडील बरोबर आहेत, तेव्हा घडीच्या खुर्च्या घ्या.

आंजर्ल्यालाच जाणार असाल तर पुलावर गाडी उभी करू नका, अलीकडे लावून चालत जा. दुपारी सुकतीच्या वेळी हर्णै बंदराकडे वळा. मासळीवर कुरव (सीगल) आणि ब्राह्मणी घारी येतात, त्या साध्या डोळ्यांनीही दिसतात. जायची तारीख ठरली की इथे लिहा, त्या दिवसाची भरती मी काढून देतो.