ओसाकाहून हिमेजी किल्ला एका दिवसात होईल का? सोबत साठी ओलांडलेले आई-बाबा आहेत.

हो, आरामात होईल, सकाळी लवकर निघालात तर दुपारच्या जेवणाला परतही याल. ओसाका स्टेशनवरून जेआरची (जपान रेल्वेची) 'शिनकाइसोकु' ही जलद लोकल तासाभरात हिमेजीला पोचवते. बुलेट ट्रेनने अर्धा तास लागतो, पण ती शिन-ओसाका या वेगळ्या स्टेशनवरून सुटते आणि तिकीट बरंच महाग, त्यामुळे मी तरी त्या फंदात पडणार नाही. स्टेशनबाहेर पडलात की पांढराशुभ्र किल्ला नाकासमोर दिसतो; सरळ रस्त्याने पंधरा-वीस मिनिटांची चाल.

आता आई-बाबांचं. ओसाका किल्ल्याचा मनोरा १९३१ साली काँक्रीटमध्ये पुन्हा बांधलेला, आत लिफ्ट आहे. हिमेजीचा मात्र १६०९ सालचा मूळ लाकडी, त्यामुळे लिफ्ट नाही. बूट काढून पिशवीत घालायचे, ती हातात धरायची आणि गुळगुळीत झालेल्या, शिडीसारख्या उभ्या जिन्यांनी वर चढायचं. गुडघे कुरकुरत असतील तर त्यांना शेजारच्या कोको-एन बागेत बसवा, तुम्ही वर जाऊन या. शेवटचा प्रवेश साधारण चारला बंद होतो, आणि २९-३० डिसेंबरला किल्लाच बंद असतो.