बार्बाडोसहून पनामाला गेलेल्या पणजोबांचा माग कसा काढावा?

तुमच्या जावयाचे पणजोबा 1908 च्या सुमारास बार्बाडोसहून पनामा कालव्याच्या कामावर गेले, सोबतचा भाऊ परत आला नाही, आणि पणजोबा पुढे न्यूयॉर्कला पोचले. घरात एवढंच माहीत आहे, आणि बेट सोडल्याची नोंद काही सापडत नाही, असं तुम्ही लिहिलंय.

माझं सासर बार्बाडोसचं. आमच्याकडचा शोधही याच वाटेने गेला, म्हणून आधी हेच सांगते: ती नोंद शोधण्यात दिवस घालवू नका. कालवा बांधणाऱ्या अमेरिकन आयोगाने बार्बाडोसची राजधानी ब्रिजटाऊनमध्ये जवळपास 20,000 माणसं करारावर भरली. 500 दिवसांचा करार, दिवसाला दहा तास काम, तासाला दहा सेंट. पण त्याखेरीज हजारो जण स्वतःच्या पैशाने तिकीट काढून गेले, त्यांचा करार कुठून असणार? आपल्या गिरमिटियांच्या, म्हणजे भारतातून करारावर परदेशी मळ्यांत गेलेल्या मजुरांच्या, पासवर बापाचं नाव, गाव, जिल्हा असं सगळं मिळतं. तशी अपेक्षा इथे धरू नका. माणूस जिथे पोचला तिथले कागद धुंडाळा.

पनामात मजुराची ओळख म्हणजे पितळी बिल्ल्यावरचा चेक नंबर. पगार त्या नंबरवर मिळायचा. पगाराच्या याद्या दोन होत्या: गोरे अमेरिकन ‘गोल्ड रोल’वर आणि वेस्ट इंडियन मजूर ‘सिल्व्हर रोल’वर. नावाने शोधायला गेलात तर क्लार्क आणि ब्रॅथवेट अशा आडनावांची माणसं ढिगाने निघतील. नंबर हाती आला की माणूस पक्का होतो. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर कॅनाल झोनच्या (कालव्याभोवतीच्या अमेरिकन ताब्यातल्या पट्ट्याच्या) 1905 ते 1937 मधल्या नोकरीच्या नोंदी आणि जहाजयाद्या फुकट बघता येतात, सुरुवात तिथून करा. नोकरीचं कार्ड सापडलं तर घाईने खाली ठेवू नका. नंबर, जन्मस्थान, कामाचा हुद्दा, मजुरीचा दर, काम सुटल्याचं कारण, सगळं उतरवून घ्या. भावाचंही कार्ड शोधा. अमेरिकनांनी कालवा बांधला त्या काळात तिथे अपघात आणि आजारपणाने 5,609 माणसं गेल्याची अधिकृत नोंद आहे, आणि त्यातले बहुसंख्य वेस्ट इंडियन होते. पनामातल्या कोलोन बंदराजवळच्या माउंट होप दफनभूमीच्या नोंदीही त्यासाठी बघाच. घरच्यांनी त्याची वाट पाहिली असणार, निदान त्याचं काय झालं ते कळायला हवं.

न्यूयॉर्कची बाजू मला जास्त भरवशाची वाटते. 1907 नंतरच्या प्रवासी याद्या दोन पानांच्या असतात आणि बरेच जण पहिल्याच पानावर थांबतात. दुसरं पान उघडा, जन्मस्थान तिथे असतं. पणजोबांची नोंद बार्बाडोसच्या नव्हे तर कोलोनहून आलेल्या जहाजावर असू शकते. पुढे नागरिकत्व घेतलं असेल तर त्या अर्जात जहाज आणि तारीख मिळेल. आणि त्यांचा जन्म 1877 ते 1897 च्या दरम्यानचा असेल, तर एप्रिल 1942 चं सैन्यनोंदणी कार्ड सोडू नका. परदेशात जन्मलेल्यांनाही ते भरावं लागलं होतं. जन्मतारीख, जन्मगाव, शिवाय ‘तुमचा पत्ता ज्याला कायम माहीत असेल अशी व्यक्ती’ असा एक रकाना. त्यात बायको, बहीण, कधी घरमालकीण. नात्यांचा धागा तिथून पुढे जातो.

जन्मगावावरून पॅरिश, म्हणजे चर्चवरून पडलेला बेटाचा विभाग, ठरवा. बार्बाडोसमध्ये 11 पॅरिश आहेत, आणि पॅरिश न ठरवता बाप्तिस्म्याची नोंद शोधणं फार जड जातं. जुनी रजिस्टरं ब्लॅक रॉकच्या अभिलेखागारात आहेत. तिथे आईच्या आडनावानेही बघा, कारण आईबापांचं लग्न झालेलं नसेल तर मुलाची नोंद तिच्याच नावावर व्हायची आणि मोठेपणी तो बापाचं आडनाव लावायचा. पनामातला माणूस आणि बाप्तिस्म्यातलं मूल जुळत नाही, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

जावयाच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पणजोबांच्या आईचं नाव आजच विचारून घ्या. चेक नंबर मिळाला की मला कळवा, कार्ड वाचायला मी मदत करीन.