खासदार व्हायचंय? आधी उसाचं बिल वाचता आलं पाहिजे

प्रश्न : वाळवा तालुक्यात आमची साडेतीन एकर शेती आहे, त्यातला दोन एकर ऊस. मुलगा वीस वर्षांचा, बी.एस्सी. ॲग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला जाऊन आल्यापासून ‘राजू शेट्टींसारखा खासदार होणार’ हेच चालू आहे. मी म्हणतो, आधी एमपीएससी करून नोकरी धर, राजकारण मागाहून. माझं चुकतंय का? – एक पालक

उत्तर : काळजी रास्त आहे, पण ‘आधी नोकरी, मग राजकारण’ हा क्रम जमत नाही. सरकारी नोकरीत लागला की 1979 चे वर्तणूक नियम लागू होतात. पक्षाचं काम, प्रचार, निवडणूक सगळं बंद. राजीनामा देऊन बाहेर पडता येतं. शरद जोशी तसेच आले. टपाल सेवेतले अधिकारी, पुढे स्वित्झर्लंडमध्ये आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत नोकरी, ती सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि शेतकरी संघटना उभी केली. पण खासदारकी मिळाली ती 2004 साली, राज्यसभेची, वयाच्या सत्तरीला टेकल्यावर.

शेट्टींची वाट तुमच्या मुलाच्या जवळची आहे, म्हणून ती नीट बघू. शिरोळचे शेतकरी, जोशींच्या संघटनेत तयार झालेले, पुढे वेगळे होऊन ‘स्वाभिमानी शेतकरी संघटना’ उभी केली. आधी जिल्हा परिषद, 2004 ला शिरोळमधून अपक्ष आमदार, 2009 आणि 2014 ला हातकणंगल्यातून खासदार. तुमचा वाळवा त्याच मतदारसंघात येतो. 2018 मध्ये त्यांनी कर्जमुक्ती आणि हमीभाव यांवर दोन खासगी विधेयकं, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने आणलेली विधेयकं, लोकसभेत मांडली. ती मंजूर झाली नाहीत, आणि खासगी विधेयक संसदेत मंजूर व्हायला 1970 नंतर एकदाही जमलेलं नाही. 2019 ला ते हरले, 2024 ला पुन्हा हरले. दोन पराभवांनंतरही माणूस उभा राहतो, कारण त्याचा प्रश्न पक्का असतो आणि चूल निवडणुकीवर पेटत नाही. मुलाने हे आधी बघावं, सभेची गर्दी नंतर.

प्रश्न पक्का म्हणजे काय, ते तुमच्याच उसावर दाखवतो. एफआरपी म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचाच असा किमान दर, आणि उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण. 2025-26 साठी एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये आहे. त्यावर उताऱ्याच्या दर 0.1 टक्क्याला 3.46 रुपये वाढतात. कारखान्याचा उतारा 11.25 टक्के धरला तर 355 अधिक 34.60, म्हणजे क्विंटलला 389.60 आणि टनाला 3,896 रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. समजा 850 रुपये गेले, हातात 3,046. दोन एकरांत 80 टन निघाला तर 2,43,680 रुपये. ऊस गाळपाला गेल्यापासून 14 दिवसांत हे पैसे मिळाले पाहिजेत, नाहीतर वर्षाला 15 टक्के दराने व्याज. दोन महिने उशीर झाला तर तुमचं व्याज 6,000 रुपयांच्या आसपास होतं. असं व्याज मागायचं असतं हेच अनेकांना ठाऊक नसतं. मुलाने यंदा गल्लीतल्या दहा शेतकऱ्यांच्या वजनाच्या पावत्या, बिलं आणि खात्यात पैसे जमा झाल्याची तारीख एका वहीत मांडावी. तोडणी-वाहतुकीची कपात कारखान्यागणिक किती बदलते, ते तिथेच उघडं पडेल. ज्याला हे बिल वाचता येतं त्याच्याकडे लोक आपोआप येतात.

दुसरी पायरी सोसायटीची. गावात पीककर्ज देणाऱ्या विकास सोसायटीत कर्जदार सभासद व्हायला नावावर जमीन लागते. सगळी जमीन तुमच्या एकट्याच्या नावावर असेल तर थोडा तुकडा मुलाच्या नावावर करा आणि फेरफार मंजूर होऊन सातबारावर नाव चढलं का, तेही बघा. पीककर्ज मुदतीत भरा. थकबाकीदार माणूस सोसायटीच्या संचालकपदाला अपात्र ठरतो, आणि गावात तरुणांचे अर्ज छाननीत उडतात ते बहुतेक असल्याच कारणांनी.

ग्रामपंचायतीला 21 वर्षं पूर्ण लागतात, लोकसभेला 25. घरपट्टी-पाणीपट्टी मागणीनंतर तीन महिने थकली किंवा घराचा ओटा गावठाणात सरकारी जागेवर आला, तरी सदस्यत्व जाऊ शकतं. राखीव जागेवर उभं राहायचं असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचं काम आतापासून धरा. मुदतीत ते दिलं नाही तर निवडून आलेली जागा हातची जाते. जिंकला काय, हरला काय, खर्चाचा हिशेब 30 दिवसांत द्यायचाच. तो न देणं हे अपात्रतेचं कारण आहे.

पैशाचं बोलतो. ग्रामपंचायत सदस्याला बैठक भत्त्यापलीकडे फारसं काही मिळत नाही, म्हणजे चालत राहायला शेती किंवा जोडधंदा हवाच. पदवी पूर्ण होऊ द्या. कृषी सेवा केंद्र, रोपवाटिका, माती-पाणी तपासणी यांतलं एक काहीतरी पदवीच्या जोरावर उभं राहतं आणि गावाशी रोजचा संबंधही राहतो. निवडणुकीसाठी जमीन विकायची नाही, हा शब्द त्याच्याकडून घ्या. लोकसभेला 25,000 रुपये अनामत असते आणि वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली नाहीत तर ती जप्त होते. लोकसभेच्या खर्चाची मर्यादाच 95 लाख आहे. शेट्टींनी ‘एक व्होट, एक नोट’ म्हणत वर्गणीवर निवडणूक लढवली, पण त्याआधी कित्येक हंगाम रस्त्यावर गेले होते.

आंदोलनाची भीती तुमच्या पत्रात नाही, पण मनात असणार. रास्ता रोकोत गुन्हा दाखल झाला तर कोर्टाची एकही तारीख चुकवू नये, नाहीतर वॉरंट निघतं. प्रलंबित गुन्हे उमेदवारीच्या शपथपत्रात लिहावे लागतात, आणि दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर सुटकेनंतर सहा वर्षं लोकसभा-विधानसभेची निवडणूक लढवता येत नाही. दगड आणि जाळपोळ यांपासून लांब राहायला सांगा. सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा एमपीएससीच्या चारित्र्य पडताळणीतही आडवा येतो, म्हणजे तुमचीही वाट बंद.

आणि एक लहान काम या आठवड्यात करा. मुलगा शिकायला बाहेर राहतो ना, मग मतदार यादीत त्याचं नाव गावच्याच वॉर्डात आहे का, बघून घ्या. कॉलेजच्या गावात नोंदवलं असेल तर पत्ताबदलाचा फॉर्म 8 भरून परत आणा. गावच्या यादीत नाव नसलेल्याला ग्रामपंचायतीचा अर्जच भरता येत नाही.